तिला उघडं बघवत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही बेताच्या मध्यमवर्गीय घरात शिरा. माठावर जाळीचा रुमाल, मिक्सरला झबलं, गॅस सिलिंडरला चुणीदार परकर आणि फ्रिजच्या मुठीला मोजा दिसला, की समजा, या घरात क्रोशेवाली माय राहते. कुठलीही वस्तू उघडी पडली की हिचा जीव कासावीस होतो. देवानं कासवाला पाठ दिली, गोगलगायीला शंख दिला, पण टीव्हीच्या रिमोटला काही दिलं नाही. देवाच्या हातून राहून गेलेलं हे काम ती रोज दुपारी पूर्ण करत असते. कारण विचारलं तर उत्तर एकच, "धूळ बसते ना जी."

हिचं वय पंचावन्नच्या पुढं. नवरा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून नाहीतर झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेला. पोरगा पुण्यात, पोरगी नागपुरात. निवृत्त नवऱ्याला घरात एकच पद उरलेलं असतं: लोकरीची लड दोन्ही हातांत ताणून धरायची आणि ती गुंडाळून होईस्तोवर नाक खाजलं तरी हात हलवायचा नाही. आयुध निर्माणीतली शिस्त इथं कामी येते.

या सगळ्याचं मूळ रुखवतात आहे. तिच्या काळी मांडवाच्या एका बाजूला टेबलं लावून नवरीच्या हातचं काम मांडत. क्रोशाची तोरणं, मोत्यांचे राजहंस, उशीच्या अभ्र्यांवर भरलेलं 'गुड नाइट'. वरपक्षाकडच्या बाया येऊन एकेक टाका बोटानं चाचपून बघत आणि पोरगी गुणाची आहे की नाही ते तिथल्या तिथं ठरत असे. त्यातल्या निम्म्या वस्तू मावशीनं नाहीतर शेजारणीनं केलेल्या असायच्या, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे आणि दोन्ही पक्ष गप्प बसत. लग्न लागलं, निकाल लागला. इतर पोरींनी पुस्तकं मिटली. हिचा अभ्यास अजून चालू आहे. हल्ली रुखवत भाड्यानं मिळतं, असं कुणी सांगितलं तर ती चष्म्याच्या वरून बघते. "भाड्याचं रुखवत? मंग नवरीबी भाड्यानंच आणजो बापा."

तिच्या आयुष्यातलं खरं संकट म्हणजे टीव्ही सपाट झाला तो दिवस. जुन्या टीव्हीला डोकं होतं. त्यावर त्रिकोणी टोक पडद्यावर लोंबेल असा रुमाल टाकता यायचा, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीत प्लास्टिकचे गुलाब. बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावर ते टोक यायचं आणि घरात कुणाची तक्रार नसायची. नवा टीव्ही भिंतीला चिकटला आणि रुमाल बेघर झाला. दोन दिवस ती जेमतेम जेवली. तिसऱ्या दिवशी रुमाल वॉशिंग मशीनवर गेला, धाकटा रुमाल वायफायच्या डबीवर गेला, आणि पुण्याहून पोराचा व्हिडिओ कॉल मधेच अडकला की नवरा मुकाट्यानं डबीकडे बघू लागला.

कामाला बसली की ती कुणाची नसते. अँकरचा वीस नंबरचा गुंडा पितळेच्या गंजात ठेवलेला, म्हणजे ओढताना घरभर पळत नाही. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं एवढं नाव. त्यातलं निदान एक भांडं या घरात रोज वापरात आहे, ते असं. ओठातल्या ओठात जप चालतो: तीन साखळ्या, पाच खांब, एक घर सोडून मुका खांब. या वेळी तिला काही विचारू नये. "माय, जेवायला काय आहे?" याला "सात" असं उत्तर येतं आणि मग मोजणी चुकली म्हणून अख्खी ओळ उसवल्याचं पाप विचारणाऱ्याच्या माथी बसतं.

गोल रुमालाची एक गोम आहे. प्रत्येक फेरीत खांब बेतानं वाढवायचे असतात. कमी पडले तर रुमालाची वाटी होते, जास्त झाले तर कडा लाटांसारख्या उसळतात आणि तो काही केल्या टेबलावर सपाट बसत नाही. आमच्याकडच्या बाया त्यावर पाण्याचा तांब्या ठेवून वेळ मारून नेतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मात्र १९९७ साली डायना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम खांब वाढवत असाच उसळता तुकडा विणला आणि वर्गात नेला. भूमितीतला एक वाकडा पृष्ठभाग पोरांना हातात धरून दाखवायचा होता आणि त्याचे कागदी नमुने फाटत होते. ही हकिगत मायला सांगितली तर ती शांतपणे म्हणते, "त्यायचाबी हात सैल सुटला असन." पवनीपासून तुमसरपर्यंत या भूमितीचे नमुने घरोघरी तांब्याखाली दबलेले आहेत; त्यांच्यावर प्रबंध लिहिला नाही एवढंच.

शिलाई मशीन हा निराळा अध्याय. लग्नात आलेली काळी उषा, पायडलची. पावसाळ्यात रोवणी आटोपून गावाकडची माणसं निवांत झाली की पायडलचा खडखडाट वाढतो. तुमसरच्या बाजारातून निळ्या फुलांचं एक थान आलं, की त्याचे पडदे, उरलं त्याचे अभ्रे, त्यातून उरलं त्याची पिशवी आणि शेवटी नवऱ्याची चड्डी. एखाद्या दुपारी तो सोफ्यावर झोपला की घरात आहे की नाही ते घोरण्यावरून ओळखावं लागतं. कतरणीसुद्धा टाकायची नाही. "फेकजो नोको, कामी पडते." कतरणींचं पायपुसणं होतं आणि ते इतकं देखणं होतं की त्यावर पाय पुसू दिले जात नाहीत.

माप घेण्याची तिची रीत अशी की टेप गळ्यात असते आणि माप नजरेनं घेतलं जातं. त्यात दोन इंच मिळवायचे, कारण कपडा "वाढत्या आंगाचा" असतो. या जिल्ह्यातल्या पोरांच्या दोन पिढ्या हाताची बोटं बाहीतून बाहेर येण्याची वाट बघत मोठ्या झाल्या. २०२४-२५ मध्ये सरकारनं शाळांचे गणवेश एकाच कापडातून, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत महिला बचत गटांकडून शिवून घेतले. कुणाला शर्ट आखूड झाला, कुणाला पँट ढगळ, म्हणून राज्यभर ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून काम परत शाळा समित्यांकडे गेलं. मायला त्यातली आखूड शर्टाची तक्रार तेवढी पटली. ढगळ ही तक्रार कशी होऊ शकते, ते तिला अजून कळलेलं नाही.

स्वेटरचंही तेच. इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो. थंडी म्हणावी अशी डिसेंबर-जानेवारीत. पण नातवंडं सुट्टीत मे महिन्यातच हाताशी लागतात, म्हणून माप मे महिन्यात. कुलरसमोर घाम पुसत गळ्याचे टाके पडतात आणि स्वेटर होळीला पूर्ण होतो. मग थंडी संपल्यामुळे रिकामा झालेला, म्हणजे उघडा पडलेला, स्वेटर ठेवायला ती एक पिशवी शिवते.

तिच्या कलेचा खरा बहर तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे नंदी सजवून रांगेत उभे करतात, मग घरोघर ओढत नेतात आणि बोजारा म्हणून पैसे नाहीतर खाऊ मिळवतात. या नंदीची झूल म्हणजे मायचा अखिल भारतीय सामना. जुन्या शालूची जर, आरसे, क्रोशाची झालर, शिंगांना गोंडे, आणि बैल लाकडी असूनही पोटाखालून बंद, "सटकाले नोको." नातवाच्या शर्टाला एक बटण कमी असतं, पण नंदीला अस्तर लावलेलं असतं. सजावटीचं पहिलं बक्षीस दुसऱ्या आळीला गेलं, की परीक्षकांना टाक्यातलं काही कळत नाही, यावर पुढच्या पोळ्यापर्यंत चर्चा चालते.

जिल्ह्यातल्या खऱ्या विणकरांशी ती बरोबरीच्या नात्यानं वागते. मोहाडी-आंधळगावकडं कोशाचं कापड विणतात. करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकनही आहे. माय तिथं साडी घ्यायला म्हणून जाते, काठ उलटा करून मागची बाजू बघते, मान हलवते आणि कटपीस घेऊन परत येते. कोशाच्या अळीबद्दल मात्र तिला मनापासून आदर आहे. ऐन-अर्जुनाच्या झाडावर बसून ती अळी स्वतःलाच सगळीकडून विणून घेते. तिलाही उघडं राहवत नाही.

आणि एवढं करून ही बाई आपल्या कामावर एक गोष्ट कधीच घालत नाही, ती म्हणजे किंमत. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायांना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस परदेशी जाते, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरीही तिथल्या बायांच्या हाती नगाप्रमाणे जे पडतं ते थोडकंच. आमच्या मायच्या हाती तेवढंही पडत नाही. बचत गटाच्या प्रदर्शनात नागपूरच्या एका बाईनं टेबलक्लॉथची किंमत विचारली, तर हिनं दोऱ्याचे पैसे सांगितले. "आणि मेहनतीचे?" "मेहनतीचे कायचे पैसे जी? सिरेल पाहता पाहता होऊन जाते ते." सहा महिन्यांच्या मालिका त्या बाईनं दोऱ्याच्या भावात नेल्या. माझ्या मते ही भलेपणाची नव्हे, हिशेबाची चूक आहे, आणि ती घेणाऱ्यानंच दुरुस्त करावी. माय करणार नाही.

तेव्हा भंडाऱ्याकडच्या एखाद्या घरून तुम्हाला रुमाल मिळाला, तर दोऱ्याच्या चौपट पैसे गुपचूप नातवाच्या खिशात ठेवा. बाही लांब आहे, खिसा दिसायला वेळ लागेल. पण तिच्यासमोर "छान आहे" एवढं मात्र म्हणू नका. सहाचा सेट असतो.