आज उपास आहे!

पन्नाशीच्या तोंडावर कुणाला चष्मा लागतो, कुणाचे गुडघे बोलू लागतात, कुणाला जावई मिळतो. माझ्या वाट्याला सीलिॲक आला. रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, आणि डॉक्टर म्हणाले, गव्हातलं ग्लूटेन दिसलं की तुमचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. आतलं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असायला हवं, त्याचा पार पंचा झालाय. गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, जव, राय जन्मभर बंद. "आणि मन खंबीर ठेवा." माझं मन! भाजीवालीने सुकलेली मेथी गळ्यात मारली तरी 'नको' म्हणता न येणारं!

वाटलं, त्यात काय, भाकरी खाऊ. मग कळत गेलं की गिरणीत माझ्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो, डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, आणि ज्या मेतकूट-भातावर आजाऱ्याने उठून बसायचं, त्या मेतकुटातही तो असतोच. ग्लूटेन-फ्री म्हणवायची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम, म्हणून मी दुकानात पुड्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचत उभा राहू लागलो, तर दुकानदाराने मला सरकारी तपासनीस समजून घाईघाईने चहा मागवला. सोबत बिस्किटं.

खरी कसोटी मावशीकडच्या सत्यनारायणाला लागली. "प्रसादाने कधी कुणाला काही झालंय का रे?" मी आतड्यापासून सुरुवात केली, तिने ओवा आणायला सांगितलं. मग मी इतिहासात शिरलो : विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने 1950 च्या प्रबंधात गव्हाकडे बोट दाखवलं, त्याआधी महायुद्धात तिकडे पाव मिळेनासा झाला होता तेव्हा...

"त्यांच्याकडे पुरणपोळी करतात?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. शेवटी शिरा खाल्ल्यासारखं करून रुमालात बांधला, सदऱ्याच्या खिशात सरकवला, आणि साजूक तुपाचा स्वभाव विसरून गुरुजींच्या पाया पडायला वाकलो. गुरुजींनी आधी खिशाकडे पाहिलं, मग आशीर्वाद दिला.

डॉक्टरांनी समुपदेशकांकडे धाडलं. जन्मभराच्या पथ्याने माणसं परक्या ताटाला घाबरतात, हळूहळू जेवणावळीच टाळू लागतात, हे तिथे ऐकलं आणि आपल्यासारखे आणखीही आहेत म्हणून फार हायसं वाटलं. रोज आरशासमोर ठामपणे 'नको, मला चालत नाही' म्हणा, असा गृहपाठ मिळाला. तो मन लावून करत असताना मागून बायको चहा घेऊन येत होती. ती तशीच परत गेली.

तोडगा निघाला तो एका संकष्टीला. मावशी डब्यातून करंज्या काढतेय तोवर मी सहज म्हणालो, "आज उपास आहे." डिकेला न जुमानणारी मावशी दोन पावलं मागे सरली! साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचा लाडू, शिंगाड्याचा शिरा. गहू औषधालाही नाही असं पान माझ्यापुढे आलं, आणि वर कुणी आग्रह करेना. आजाराला जो मान नाही तो उपासाला आहे. तेव्हापासून लग्न, मुंज, बारसं, मला सगळीकडे उपास असतो.

परवा मावशीचा फोन आला, "तुझं एवढं व्रतवैकल्य चालू असतं, आमच्या सूनबाईंनाही एखादं सांग." मला नाही म्हणता येत नाही. सोळा सोमवार सांगितले. सूनबाई आता माझ्याशी बोलत नाहीत.