पीपीसाहेब

आमच्या जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये कुणी ‘पीपीसाहेब’ अशी हाक मारली की दोघांच्या माना वर होतात. एक, सध्या सरकारी वकील असलेल्या बाई. दुसरे, सहा वर्षांपूर्वी जे होते ते. बाई मान पुन्हा फायलीत घालतात. हाक आपल्याला नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

साहेबांनी एकोणीस वर्षं सरकारतर्फे फौजदारी चालवली. मग पॅनेल बदललं, साहेबांचं नाव गळलं आणि दुसऱ्याच सोमवारी ते आरोपीचे वकील झाले. पण आधी माझ्या टेबलाशी आले. मी दिवाणीवाला. हळू आवाजात म्हणाले, “अहो, या वकीलपत्राला तिकीट कुठे चिकटवतात?” त्यांचंही बरोबरच होतं. सरकारी वकिलाला वकीलपत्र लागत नाही; तो उभा राहिला की सरकार उभं राहिलं. मी जागा दाखवली. “आणि फी?” त्यांनी विचारलं. “ती आधी मागायची,” मी म्हटलं, तर साहेब चक्क लाजले. कोषागारातून सहा-सहा महिन्यांनी बिल निघायची सवय. पक्षकाराच्या खिशातून आत्ताच्या आत्ता पैसे निघतात, हे त्यांना थोडं असभ्यच वाटलं. ते वाटणं पुढे पंधरा दिवस टिकलं.

पहिला जामीन अर्ज मी स्वतः पाहायला गेलो होतो. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “सरकार पक्ष म्हणेल, गुन्हा गंभीर आहे. सरकार पक्ष म्हणेल, आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल. सरकार पक्ष असंही म्हणेल की याला कायमचा पत्ता नाही.” एकेका मुद्द्याला आवाज चढत गेला, छाती फुगत गेली. पिंजऱ्यातल्या आरोपीने हात जोडले, ते जज्जसाहेबांना की आपल्याच वकिलाला, कळलं नाही. मग जज्जसाहेबांनी बाईंना विचारलं, “सरकारचा से?” बाई म्हणाल्या, “वकीलसाहेबांनी दिलाच आहे, सर.”

जामीन फेटाळला गेला. साहेब बाहेर येऊन म्हणाले, “ऑर्डर मात्र बरोबर आहे.”

त्यांचं खरं तेज दिसतं ते उलटतपासणीत. छप्पर कुठे गळतं हे घरभर बादल्या लावत फिरलेल्यालाच माहीत असतं, आणि साहेबांनी एकोणीस पावसाळे बादल्याच लावल्या. आरोपीने दाखवून दिलेलं हत्यार जप्त केल्याचा पंचनामा त्यांना तोंडपाठ आहे. ‘आरोपी पुढे व आम्ही पंच मागे’ हे वाक्य त्यात असतंच. एकोणीस वर्षांत एकही आरोपी मागे चालला नव्हता.

परवाच्या खटल्यात पंच म्हणून उभा राहिला तो पोलीस ठाण्यासमोरचा चहावाला. या गड्याला साहेबांनी पूर्वी चार खटल्यांत बोट धरून सरतपासणीतून पार नेलेलं. त्याने पिंजऱ्यात चढताच जज्जसाहेबांना सोडून यांनाच नमस्कार केला आणि आपुलकीने विचारलं, “साहेब, आज काय सापडलं म्हणायचं?”

त्याच्या मागून तपासी अंमलदार आले.

“सुरा सील केला?”

“केला.”

“लाखेने?”

“लाखेने.”

“लाख कशावर वितळवली?”

“मेणबत्तीवर.”

“पंचनाम्यात मेणबत्ती आहे?”

“नाही.”

“काडेपेटी?”

“नाही.”

“जागा उघड्या रानातली. वारा होता?”

फौजदाराला घाम फुटला. “साहेब,” तो काकुळतीला आला, “ते सील कसं करायचं, ते तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

“मग मी मेणबत्ती लिहायची नाही असं शिकवलं होतं?” साहेब गरजले. त्या गरजण्यात वकिलापेक्षा मास्तर जास्त होता. पलीकडे लघुलेखक शांतपणे टंकत होता : हे म्हणणे खरे आहे की, पंचनाम्यात मेणबत्तीचा उल्लेख नाही.

१ जुलै २०२४ला नवे कायदे आले तेव्हा साहेब घरचं माणूस गेल्यासारखे बसले होते. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० तर ३१८मध्ये गेलं. नव्या संहितेत कलमंच ३५८. चारशे विसावं शोधायला जागाच नाही. साहेबांच्या तोंडी मात्र अजून जुनेच आकडे. एका म्हाताऱ्या आईला ते गंभीरपणे म्हणाले, “तुमच्या मुलावर ३०२ आहे.” शेजारच्या ज्युनिअरने मोबाइल पाहून सांगितलं, “सर, नव्यात ३०२ म्हणजे शब्दांनी धार्मिक भावना दुखावणं.” म्हातारीचा चेहरा उजळला. “तेवढंच ना, वकीलसाहेब?” तिची समजूत काढायला साहेबांना अर्धा तास लागला, आणि ज्युनिअरशी ते दोन दिवस बोलले नाहीत.

तो मेणबत्तीचा खटला काल सुटला. संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. बार रूममध्ये आम्ही अभिनंदनाला उठलो, तर साहेब तोंड पाडून बसलेले.

“असा कसा सुटला हो हा?” ते मलाच विचारू लागले. “मुद्देमाल डॉक्टरांना दाखवलाच नाही बाईंनी. जखम या सुऱ्याने होऊ शकते का, एवढं एक वाक्य काढून घ्यायचं! चांगली उभी केस मातीत घातली. सरकारने अपील केलंच पाहिजे.”

एवढ्यात सुटलेला पक्षकार पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला आणि पाया पडला. साहेबांनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा बाईंच्या टेबलावर पोचवायला शिपायाकडे दिला, आणि पक्षकाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अपिलाची नोटीस आली की सरळ माझ्याकडे ये. आणि हे बघ, फी आधी.”