आक्का आणि आमची किसणी

प्रत्येक आळीला एक आक्का असते. नसेल तर ती आळी नव्हे, सोसायटी. आमच्या भोरातल्या आक्कांना मी कळायला लागल्यापासून म्हातारंच पाहिलं. यजमान जाऊन चाळीस वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, आणि वाड्यातल्या दोन खोल्यांत आक्का, देव आणि भांडी. भोर संस्थान 1948 साली विलीन झालं, हे त्यांना कुणी कळवलं नसावं. "पंतसचिवांच्या वेळी असं नव्हतं," यानं त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. त्या वेळी त्या जेमतेम सहा वर्षांच्या असतील, पण हे तोंडावर सांगणार कोण?

माहेर वेल्ह्याचं. 2024 साली मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, तेव्हा आक्का दोन दिवस घुश्शात. "लग्नात माझं नाव बदललंत, बदललंत. आता माहेराचंही?"

2022 च्या ऑगस्टात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि आक्कांना माहेर फारच आठवू लागलं. आधारकार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी. त्यांच्या पिढीतलं निम्मं भोर त्याच दिवशी जन्मलंय. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट द्यायला विसरला, तर त्या मागून घेत. "फुकट झालं म्हणून हिशेब नको?" चेलाडीला उतरून वेल्ह्याची गाडी, तोरण्याखाली भावजयीच्या चार चुका काढायच्या, पिशवीभर तांदूळ घेऊन दिवेलागणीला परत. तिकिटं बिस्किटाच्या डब्यात.

आळीत कुणी गेलं की पहिल्या आक्का. गंगेचा गडू घेऊन. हा गडू कुणीतरी काशीहून आणलेला, तो त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. पण ऐन वेळी कुणाकडेच नसायचा, मग आक्का पदराआडून काढायच्या, दोन थेंब घालायच्या आणि परत न्यायच्या. दोन थेंबांचा गडू कधी संपतो?

परवाच्या आषाढात आक्का गेल्या. झोपेतच, कुणाला उठवायला न लावता. हे एकच काम त्यांनी गाजावाजा न करता केलं. सुनेनं गडू काढला. काठोकाठ भरलेला! शेजारच्या काकांनी वाकून पाहिलं. तळाशी बारीक वाळू, चक्क नीरेच्या घाटावरची. मग आळीतले गेल्या वीस वर्षांतले सगळे नेमके कुठल्या पाण्यावर गेले, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही. आक्कांच्याही तोंडात तेच दोन थेंब पडले.

तेराव्याला मांडणी आवरायला काढली. स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, त्यानं फार घोटाळा होतो. वाट्यांवर समोरच्यांचं नाव, परातीवर कोपऱ्यावरच्यांचं, झाकणावर माझ्या आजीचं. आणि आक्कांच्या यजमानांच्या नावाची भांडी? ती एकेक करून आमच्या प्रत्येकाच्या घरून निघाली. विरजणाची वाटी, पुरणाचा डबा, लोणच्याची बरणी. मी स्वतः दोन पातेली गुपचूप नेऊन ठेवली. दुपारभर आळीत भांडी इकडून तिकडे चालली होती. सूनबाई वही घेऊन बसल्या, शेवटी वही मिटून चहाच टाकला.

आमची पितळी किसणी मात्र मिळाली नाही. कुणाच्या मांडणीवर असेल तर आणून द्या, दिवाळीला खोबरं किसायचंय.