केंटहून आरेला, मार्गे मरोळ

माझा मावसभाऊ इंग्लंडात केंट परगण्यात असतो. त्या परगण्याला तिकडे ‘इंग्लंडची बाग’ म्हणतात, हे विमानतळावरून अंधेरीला पोचेस्तोवर आम्हाला पाठ झालं. फोटोही बघून झाले. तिकडचे शेतकरी शेत दाखवायला तिकीट लावतात, ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसवून फिरवतात, कोकराला बाटलीनं दूध पाजू देतात. बिअरसाठी हॉप्स वाळवायच्या जुन्या उंच भट्ट्या होत्या, त्यांत आता पैसेवाले राहतात. शेवटी चहाबरोबर स्कोन देतात. स्कोन म्हणजे साखर घालायला विसरलेली नानकटाई.

“तुमच्याकडे आता असं काही उरलं नसेल,” वहिनी हळहळल्या.

“उद्या सहाला तयार राहा,” आमची ही म्हणाली. तिचं माहेर बोरिवलीच्या बाभई गावातलं. गावपणाचा विषय निघाला की तिला दम धरवत नाही.

मरोळहून रिक्षा केली. ‘आरे’ म्हटल्यावर रिक्षावाल्यानं युनिट नंबर विचारला, कारण तिथे गोठ्यांची वस्ती आकड्यांनीच ओळखतात. वाघोबाच्या देवळाशी त्यानं हँडल सोडून हात जोडले. तिथल्या झाडीतल्या बिबट्यापेक्षा ते जोडलेले हातच मला जास्त भीतिदायक वाटले. केंटमध्ये फार तर कोल्हा दिसतो, असं भाऊ जरा पडेल आवाजात म्हणाला.

वाटेत हिनं इतिहास सांगून घेतला. मुंबईच्या दाट वस्तीतले घाणेरडे तबेले बाहेर काढायचे म्हणून १९४९ मध्ये ही वसाहत सुरू झाली. दारा खुरोडींचं हे स्वप्न. १९५१ मध्ये पंडित नेहरू उद्घाटनाला आले. म्हशीच्या घट्ट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते स्वस्त करायचं, म्हणजे टोन्ड दूध, ही युक्तीही खुरोडींचीच. पुढे १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. पाणी घातल्याबद्दल मॅगसेसे मिळालेला हा पहिलाच दूधवाला, हे भाष्य माझं. आमच्या गल्लीतला भैया तेच काम विनापुरस्कार करतो.

गोठ्यात शिरलो तर दोन्ही बाजूंना म्हशींची रांग, समोर हिरवा चारा, मध्ये शेणाचा पाट. वसाहतीत अशी जनावरं हजारोंनी आहेत, पण माझ्या वाट्याला आली ती एकच. तिनं माझ्याकडे सावकाश मान वळवली, तोंडातली काडी इकडून तिकडे केली आणि शेपटीचा एक फटका पांढऱ्या शर्टावर असा काही मारला की त्या शर्टाची वर्गवारीच बदलली.

पुतण्यानं रेडकाकडे बोट दाखवून बाटली मागितली. गोठ्यातल्या भैयानं रेडकू सरळ आईकडे सोडलं. भावानं तिकिटाचे किती, असं विचारल्यावर मात्र भैया बिचकला.

“म्युनिसिपाल्टी से हो? की मेट्रोवाले?”

म्हशी बघायला पैसे देणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. जमीन मोजायला येणारे मात्र बरेच पाहिले असावेत. २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं पडली, ती याच वसाहतीत. आम्ही निव्वळ नातेवाईक आहोत हे त्याला पटवताना माझा घसा कोरडा पडला. मग त्यानं धारोष्ण दूध दिलं. वहिनींनी पाश्चराइज्ड आहे का विचारलं, पण तोवर पुतण्याला पांढऱ्या मिशा आल्या होत्या.

पुढच्या पाड्यावर एक वारली मावशी श्रावणातल्या काकड्या नि शिराळी मांडून बसल्या होत्या. मागे घराला लागूनच भाताचा हिरवागार तुकडा, आणि त्याच्याही मागे धुक्यात टॉवर.

“ऑरगॅनिक आहे का हो?” वहिनींनी विचारलं.

“नाय, काकडी हाय.”

एवढं दाखवूनही भाऊ समाधानी दिसेना. शेत, भात, म्हशी सगळं खरं, पण फलक नाही, रांग नाही, शेवटी चहाचं दुकान नाही. ही बघण्याची जागा आहे असं त्याला कुणी अधिकृतपणे सांगितलंच नव्हतं. म्हणून त्याला शेजारच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत नेलं. तिथे सहलीचं तिकीट मिळालं आणि त्याचा चेहरा उजळला. बसमधून त्यानं प्लायवूडच्या वाड्याचे, देवळाचे आणि बिनपाण्याच्या विहिरीचे धडाधड फोटो काढले.

“धिस इज द रिअल इंडिया,” वहिनी म्हणाल्या. “पण इथे एखादी म्हैस हवी होती.”

“शूटिंग असलं की आणतात,” गाइड म्हणाला. “इथून जवळच, आरेतून.”