कुरकुर करणारा माणूस पाहिजे

यवतमाळ हा सागाचा जिल्हा. इथे स्वतःच्या धुऱ्यावरचा साग तोडायचा म्हटलं तरी 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते. तोडल्यावर ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का लागतो आणि गाडीत घातला की वाहतुकीचा पास. तोच साग कापणारं, मिनिटाला अकरा हजार फेरे घेणारं चार इंची ग्राइंडर मात्र फोनवर मागवलं की चार दिवसांत दारात. आणून देणारा पोरगा ओटीपी विचारतो, बाकी चकार शब्द नाही. जे झाड चाळीस-पन्नास वर्षं एका जागी उभं राहिलं, कधी कुणाच्या अंगावर धावून गेलं नाही, त्याच्यामागे एवढे कागद. आणि ज्याच्या चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळते, त्याला साधं ‘कोण रे तू?’ म्हणून कुणी हटकत नाही. सागाचे कागद कमी करा, असं माझं म्हणणं नाही. पण घरी सुतारकामाची हौस करणाऱ्यांकडे खरी उणीव कशाची असते, ते इथे दिसतं. मशीन त्यांच्याकडे भरपूर असतात. ड्रिल असतं, जिगसॉ असतो, राउटर असतो, एक चौरंग तेवढा व्हायचा असतो. नसतो तो कुरकुर करणारा माणूस.

सुताराच्या नेटावर, म्हणजे त्याच्या कामाच्या जागी, हा माणूस फुकट मिळायचा. नवं पोरगं भुसा झाडत, पटाशीला धार लावत, शिव्या खात महिने काढायचं. या काळात ते काय शिकायचं, तर कुठे उभं राहायचं नाही. रंधा मारण्याआधी ते पाठ व्हायचं. आमचा हौशी सुतार थेट व्हिडिओ पाहून सुरू होतो, तोही रविवारी रात्री, जेवण झाल्यावर, एकटा. फरशी कापायचा मार्बल कटर तो प्लायवूडवर चालवतो. पुढे उत्साह वाढला की तोच कटर पाटाखाली उलटा बसवतो, पात्यावरचं झाकण आड येतं म्हणून काढून ठेवतो आणि बटण सतत दाबून धरायचा कंटाळा येतो म्हणून ते सुतळीने बांधून टाकतो. झालं टेबल सॉ! व्हिडिओतला माणूस ‘शाब्बास’ म्हणतो, कारण त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही. शेजारच्या खाटेवर एखादे आबाजी बसलेले असते तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, “अन् हे सुटलं तं कुठं जाईन?”

यावर पहिली हरकत ठरलेली. खरे मिस्त्री कुठे चष्मे घालतात? पायाच्या अंगठ्यात फळी धरून बिनधास्त पटाशी चालवतात! चालवतात खरे. पण हात थांबला की पटाशी थांबते, रंधा तर दमल्यावर आपणहूनच थांबतो. मशीनला दम लागत नाही. दहा इंची पातं मिनिटाला 2880 फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी सुमारे 140 किलोमीटर धावते. दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद लागला, तर तेवढ्यात पात्याचे बारा फेरे होतात. पात्याला चाळीस दाते असतील तर बोटाची 480 दात्यांशी ओळख होऊन गेलेली असते. मिस्त्रीच्या अंगठ्याचं कौतुक करताना हा हिशेब सोयीस्कर विसरला जातो.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्याच फुलसावंगीची गोष्ट. महागाव तालुक्यातल्या या गावात कपाटं-कुलर बनवणाऱ्या एका तरुणाने मारुती 800 चं इंजिन लावून एकट्यापुरतं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. शिक्षण आठवीपर्यंतचं, हात मात्र अस्सल कारागिराचा. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी चालू असताना मागचा पंखा तुटून वरच्या पंख्यावर आदळला, वरचं पातं त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. त्याचं वय अवघं चोवीस. यात हसण्यासारखं काही नाही, आणि त्याला शहाणपण शिकवायचा अधिकार तर आपल्याला मुळीच नाही. आपलं काय ते बघू. टाळ्या वाजवायला आपण तयार असतो, मोबाइल वर धरायला त्याहून तयार. तो तुटणारा भाग आधी वेगळा बांधून, लांबून, जाळीआडून फिरवून पाहू, असं म्हणणारं खेड्यातल्या कारागिराजवळ कोण असतं? त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने भंगारातून जीप बनवली आणि देशभर कौतुक झालं. जीप बिघडली तर रस्त्यात उभी राहते. हेलिकॉप्टरला ती सवलत नसते. पण आपल्या टाळ्यांना दोन्ही सारखीच.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. अशी कुरकुर ऐकत बसलं तर नवं काही घडेल का? घडतं, आणि बऱ्याचदा कुरकुरीतूनच घडतं. बोट लागताच काही मिलिसेकंदांत थांबणारं टेबल सॉ अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या हौशी सुताराने काढलं. शिकला भौतिकशास्त्र, पेशाने वकील, म्हणजे हरकत घेणं हाच धंदा. आधी त्याने पात्यापुढे सॉसेज धरलं, नंतर स्वतःचं बोट. क्रम नीट पाहावा, आधी सॉसेज! आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथे शाळा सुटलेली पोरं वेल्डिंग आणि बांधकाम हातांनी करूनच शिकतात, पण सोबत शिकवणारा उभा असतो. तालुक्यागणिक आयटीआय आहेत, त्यांतून निवृत्त झालेले निदेशक गावोगाव रिकामे बसलेले आहेत. कुरकुर करण्याची त्यांची पात्रता वादातीत आहे, चहावर येतील.

कुणी म्हणेल, आमच्या घरी कुरकुरीची काय कमी? कमी नाहीच, पण ती भुशाबद्दल असते, आवाजाबद्दल असते आणि मागच्या दिवाळीपासून अर्धवट पडलेल्या चपलांच्या रॅकबद्दल असते. पात्यावरचं झाकण का काढलं, यावर घरातलं कुणी भांडत नाही. भांडायची ताकद आहे, रोजचा सराव आहे, विषय तेवढा बदलून द्यायचा आहे. आणि तो हौशी सुतारानेच द्यायचा असल्यामुळे काम जरा अवघड आहे.