नावेला मांडव कसा घालावा

ज्यांच्याकडे डोंगा आहे त्यांनी हे मार्गदर्शन वाचू नये. अख्ख्या खोडातून कोरलेला डोंगा पाण्यातच सुखी असतो, कोरड्या उन्हात तडकतो, आणि त्याचा ढिवर मालक ताडपत्री धानाच्या पुंजण्यासाठी राखून ठेवतो. पुढचा मजकूर आहे तो हौसेने फायबरची नाव घेऊन ती गोंदियातल्या नवेगाव बांधच्या आपल्या अंगणात ठेवणाऱ्या सज्जनांसाठी.

असा सज्जन पहिल्या पावसाळ्यात नावेवर नुसती ताडपत्री अंथरतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली जागा बांध घालून अडवली, तेव्हा कुठे इथला तलाव झाला. तुमचा तलाव मात्र एका रात्रीत, कुणाचाही घाम न गाळता, ताडपत्रीच्या मध्यावर तयार होतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद खळग्यात दहा सेंटिमीटर पाणी साचलं की वजन भरतं शंभर किलो. म्हणजे 25 किलोचे तांदळाचे चार कट्टे नावेवर ठेवल्यासारखं. हे गोंदियात तरी कुणाला समजावून सांगायला नको.

तेव्हा पाणी ओघळून जाईल असा मांडव हवा, आणि मांडवाला बांबू हवा. तो समोर जंगलभर दिसतो म्हणून कोयता घेऊन निघू नये. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही. बांबू हे खरं तर गवत, पण कायद्याच्या लेखी तो 1927 पासून झाड होता. 2017 साली जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं त्याचं झाडपण सरकारने काढून घेतलं. म्हणून बांबू बांधावरचा घ्या, नाहीतर बुरडाकडून विकत. आणल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा. त्यातलं पीठ धुऊन गेलं की भुंग्याचा रस उडतो. बांबू कुठे गेला असं घरच्यांनी विचारलं, तर भिजत घातलाय म्हणावं. हरभरे भिजत घातल्यासारखं ते मुकाट ऐकून घेतात.

आता बांधणी. नावेच्या मधोमध दोन खांब, त्यांवर आडं. खांबांखाली फळी ठेवा, नाहीतर ते तळाला भोक पाडून जमीन गाठतील. मग हातभर अंतराने कमट्या एका काठावरून वाकवून आड्यावरून दुसऱ्या काठाला न्या. गुळगुळीत पाठ वर, गाभा खाली. पेरं तासून घ्या. टोकांना चिंध्या गुंडाळा. ताडपत्री वाऱ्याने फाटण्याआधी टोकांनी फाटते, हे बहुतेकांना दुसऱ्या वर्षी उमगतं. बांधायला सुतळीपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बऱ्या. ताडपत्रीला ताण हवा म्हणून कडेला दगड लोंबकळत सोडू नका. रात्रभर नाव वाजत राहते. वाळू भरलेल्या बाटल्या लावा. मांडवाची दोन्ही टोकं उघडी ठेवा. आत वारा खेळला नाही तर नाव पावसाने नव्हे, दमटपणाने भिजते, आणि बुरशी वरून येत नाही.

उतार किती ठेवावा, यावर गावात एकमत होणार नाही. घराच्या कवेलूंइतका ठेवावा, असं म्हातारे सांगतील, आणि ते बरोबर असतील. पण तुम्ही स्वतः मोजमाप केलंय असा चेहरा ठेवा.

सगळं बांधून झालं की रस्त्यावरून कुणीतरी हमखास विचारेल, ‘‘का जी, लगन कोनाचं हाये?’’ उत्तर द्यायचं नाही. लग्नाचं नाव निघालं की तारीख निघते, आणि तारीख निघाली की जेवणाची चौकशी. दुपारपर्यंत मांडवाखाली दोन कोंबड्या बसलेल्या असतात. त्यांना हुसकावू नका. कमटी ढिली झाली की पहिली ओरड त्यांचीच.

पाऊस ओसरला की ताडपत्री काढा आणि सांगाडा परसात उभा करा. लगेच काढा. दोन दिवस उशीर झाला तर सांगाड्यावर वालाचा वेल चढलेला सापडेल, आणि तो कुणी चढवला हे विचारण्याचा अधिकार नावेच्या मालकाला नाही. शेंगा संपेपर्यंत नाव उघडीच राहू द्या.