०.५४५ नगरसेवक

निकाल लागला, गुलाल धुऊन झाला, मिरवणुकीतल्या डीजेवाल्याचे पैसे अजून द्यायचे आहेत आणि महापालिकेत गणिताचा तास सुरू झाला आहे. ज्यांनी दहावीला गणित पस्तीसवर काढलं, ते सध्या दशांश चिन्हानंतरचे तीन अंक झोपेतही बरोबर सांगतात. प्रभागात पाणी किती दिवसांआड येतं, हे विचारा. ‘बघून सांगतो’ म्हणतील. पक्षाचं तौलनिक संख्याबळ विचारा. ‘चार पॉइंट तीन सहा चार!’ मध्ये श्वाससुद्धा घेत नाहीत.

प्रकरण अर्थातच स्थायी समितीचं आहे. सोळा खुर्च्या. ठरावीक रकमेवरची निविदा या सोळा जणांच्या टेबलावरून गेल्याशिवाय शहरात फावडं हलत नाही. महापालिका अधिनियमाचं कलम ३१-अ सांगतं, की या खुर्च्या सभागृहातल्या पक्षांना आणि गटांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात मिळाल्या पाहिजेत. ज्याचे जितके, त्याला तितक्या. एकट्या बहुमतवाल्यांनी सगळं ताट ओढून घ्यायचं नाही. तत्त्व इतकं न्याय्य आहे, की ते आपल्याकडे कायद्यात कसं शिरलं याचंच नवल वाटावं.

समजा, सभागृह ८८ जणांचं आहे. भागिले १६. उत्तर साडेपाच. म्हणजे दर साडेपाच नगरसेवकांमागे स्थायीवर एक माणूस. साडेपाचावा नगरसेवक निवडून आणण्याचं तंत्र अजून कुठल्याच पक्षाला साधलेलं नाही, त्यामुळे अपूर्णांक निघतात. सगळ्यात मोठ्या पक्षाचे ३७, म्हणजे ६.७२७. दुसऱ्याचे २४, म्हणजे ४.३६४. तिसऱ्याचे १६, म्हणजे २.९०९. चौथ्याचे ८, म्हणजे १.४५५. आणि तीन अपक्ष. त्यांनी गट नोंदवला तर ०.५४५. पूर्णांकांप्रमाणे तेरा खुर्च्या वाटल्या जातात. उरल्या तीन. त्या ज्यांचा अपूर्णांक मोठा, त्यांना. पहिली ०.९०९ ला, दुसरी ०.७२७ ला आणि तिसरी...

तिसरी त्या तीन अपक्षांना! पाच वर्षं ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं, ती ही तीन माणसं. चिन्हं कपबशी, शिट्टी आणि गॅस सिलिंडर. तिघांचे मिळून ०.५४५, म्हणजे माणशी ०.१८२ खुर्ची. आता मजा बघा. एकटी शिट्टी चौथ्या पक्षाकडे गेली, की त्यांचे नऊ होतात, १.६३६ होतात आणि सोळावी खुर्ची त्यांची. तीच शिट्टी दुसऱ्या पक्षाकडे गेली, की त्यांचे पंचवीस होतात, ४.५४५ होतात आणि सोळावी खुर्ची त्यांची. दोन्ही वेळा कपबशी आणि सिलिंडर ०.३६४ वर बसून हात चोळणार. म्हणून परवापासून शिट्टी नॉट रिचेबल आहे. शिट्टीच्या घरी सकाळी एका पक्षाचे शहराध्यक्ष चहाला असतात, संध्याकाळी दुसऱ्याचे संपर्कप्रमुख. शिट्टीच्या मेव्हण्याला पार्किंगचा ठेका हवा होता, हे अचानक सगळ्या शहराला कळलं आहे. कपबशी आणि सिलिंडर आळीपाळीने शिट्टीच्या सोसायटीच्या गेटवर पहारा देतात, कारण तिघं एकत्र राहिले तर खुर्ची तिघांची, फक्त तिच्यावर बसायचं कोणी यावर तिघांचं एकमत नाही. एकाने तोडगा काढला म्हणे, प्रत्येकी आठ महिने बसू. दोन वर्षांचा हिशेब तर बिनचूक जमला. भागाकार खरोखरच तळागाळापर्यंत पोचला आहे.

तेवढ्यात दुसऱ्या आणि चौथ्या पक्षाच्या गटनेत्यांना कोणीतरी कॅल्क्युलेटर दाखवला. वेगवेगळे राहिले तर चार अधिक एक, पाच खुर्च्या. एकत्र आले तर बत्तीस जण, ५.८१८, म्हणजे सहा. नुसत्या बेरजेने एक खुर्ची फुकट! आणि असे एकत्र आले की ०.५४५ ची किंमत शून्य. शिट्टी या पक्षात जावो, त्या पक्षात जावो, नाहीतर कोकणात काजू लावो, कोणाचीच खुर्ची वाढत नाही. त्या रात्री शिट्टी रिचेबल झाली. फोन मात्र आला नाही.

आता हे दोन पक्ष म्हणजे प्रचारात एकमेकांच्या बॅनरवर शेण मारणारे. त्यांची आघाडी कशी होईल, असं तुम्ही विचाराल. कायदा एवढा कोत्या मनाचा नाही. निकालाच्या अधिसूचनेपासून एक महिन्याच्या आत आघाडी करता येते. पक्षांतराला चाप लावणारा १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आडवा येत नाही, आणि एकदा नोंद झाली की ती आघाडी निवडणूकपूर्व आघाडी असल्यासारखी मानली जाते. पुन्हा वाचा. निकालानंतर झालेली, पण निकालापूर्वीची. प्रचारात ज्याच्या बापाचा उद्धार केला, त्याच्याशी आपली निवडणूकपूर्व आघाडी होती, हे उमेदवाराला निवडणुकीनंतर कळतं. मतदाराला ते कळवायची तरतूद कायद्यात नाही. तो बिचारा महिनाभरापूर्वीच बोटाला शाई लावून घरी गेलेला असतो.

मग विशेष सभा. गटनेते आपापली बंद पाकिटं महापौरांकडे देतात. नगरसचिव ती फोडतात, नावं वाचली जातात. प्रत्येक गटात निदान दोघांचे चेहरे पडतात, कारण पाकीट बंद करण्यापूर्वी त्यांनाच शब्द दिलेला असतो. त्यांची समजूत काढायची सोयही आहे. वर्षभराने सोळांपैकी आठ जण निवृत्त होतात, आणि पहिल्या वेळी कोण निवृत्त व्हायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत तोलून दिलेली खुर्ची शेवटी चिठ्ठीवर जाते. तिचाही भरवसा नको म्हणून सावध गटनेते नियुक्तीच्या दिवशीच राजीनामे लिहून घेतात, तारीख कोरी ठेवून.

स्वीकृत नगरसेवकांचंही तेच. २०२३ च्या दुरुस्तीनंतर निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा दहा, यांतला कमी तो आकडा. आपल्या ८८ च्या सभागृहात ८.८. डॉक्टर, वकील, अभियंते अशा जाणकारांना सभागृहात आणायची ही वाट. त्या वाटेने बहुतेक वेळा पडलेले उमेदवार येतात. ज्ञान विशेष असतंच त्यांना. किती मतांनी पडलो, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

इथवर मी हसत होतो. आता हसू येत नाही.

कारण हा सगळा न्याय, ही तीन स्थळांपर्यंतची काळजी, निवडून आलेल्यांनी एकमेकांपुरती ठेवली आहे. आमच्या वाट्याला काय आहे? चारचा प्रभाग. अ, ब, क, ड. चार वेळा बटण दाबायचं. एका पॅनेलला चाळीस टक्के मतं, दुसऱ्याला पस्तीस, तिसऱ्याला पंचवीस. स्थायीचं गणित लावलं असतं तर तिघांनाही काही ना काही मिळालं असतं. प्रत्यक्षात चारही जागा चाळीसवाल्यांना. साठ टक्के लोकांचा दशांश कुठे गेला? कुठल्या नगरसचिवाने तो मोजला? कुठल्या न्यायालयात त्याच्यासाठी याचिका झाली? खुर्चीच्या दशांशासाठी तर लोक उच्च न्यायालयात जातात! शिट्टीच्या ०.१८२ साठी रात्री दोन वाजता गाड्या धावतात आणि आमच्या साठ टक्क्यांसाठी साधा खेदाचा ठराव नाही. वर आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक दरवर्षी उखडायचे, तेच ब्लॉक दरवर्षी बसवायचे आणि त्याला मंजुरी देणारी समिती मात्र अत्यंत प्रमाणशीर! खाण्यात प्रमाणबद्धता, निवडून देण्यात मनमानी. वा रे लोकशाही!

जगात कुठेच असं जमत नाही म्हणावं, तर स्कॉटलंडकडे बघा. तिथल्या कौन्सिलच्या निवडणुका २००७ पासून पसंतीक्रमाने होतात. प्रभाग बहुतेक ठिकाणी तीनचे किंवा चारचे, आपल्यासारखेच. पण मतदाराला मत एकच, आणि तो उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. चारच्या प्रभागात एकूण मतांच्या पाचव्या हिश्शाहून एखादं मत जास्त मिळालं, की उमेदवार निवडून आला. त्याची जादा मतं वाया जात नाहीत, पुढच्या पसंतीकडे जातात, आणि तो हिशेब पाच दशांश स्थळांपर्यंत करतात. चाळीस टक्केवाल्यांना तिथे चारही जागा गिळता येत नाहीत. तिथे दशांश मताला मिळतो, आपल्याकडे खुर्चीला.

‘आपल्या लोकांना हे किचकट कळायचं नाही’, असं लगेच सांगण्यात येईल. कोणाला कळायचं नाही? विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात हेच नगरसेवक पसंतीक्रमाचे आकडे लिहून मत देतात. पदवीधर लिहितात, शिक्षक लिहितात. राज्यसभेसाठी आमदार लिहितात, आणि तिथे जागा एकाहून जास्त असल्या की एकेका मतपत्रिकेचं मूल्य शंभर धरून जादा मतांचा हिशेब होतो. म्हणजे ज्यांच्या हातात महापालिकेचा कायदा बदलणं आहे, त्यांना ही पद्धत तोंडपाठ आहे. आपल्या जागा ते याच पद्धतीने वाटून घेतात. तेव्हा कळत नाही ही सबब पुरे झाली. मतदाराला द्यायचं नाही, एवढं सरळ सांगा.